अष्टमीचं उधाण

सान फ्रान्सिस्को बंदर
१४ जानेवारी १९५९

दाजींना जगनचा समुद्रापलीकडून रामराम. मैनाबायला पत्र वाचून दाखवा, पण शेवटचं तेवढं सोडून.

गेल्या साली कोबेहून मी तुम्हाला एका जपानी सिनेमाचं लिहिलं होतं. मिठागरावरच्या पोराचा. मुकादमामुळे त्याचा बाप मरतो, पोरगा गाव सोडून जातो, मोठा होऊन परत येतो आणि मुकादमाला त्याच्याच बांधावर संपवतो. मला त्यातला एकही शब्द कळला नव्हता तरी सगळं कळलं होतं, कारण ते मिठागर थेट आपल्या ओवं गावातल्यासारखं. तेच चौकोन, तसंच पाय भाजणारं ऊन, तीच दांडीनं मीठ ओढणारी काळी माणसं.

इथं आलो तर आमच्या बोटीवरचा गोव्याचा बटलर म्हणाला, तुझा तो सिनेमा अमेरिकेनं पुन्हा काढलाय, चल. मी अंघोळ करून, केसांना तेल लावून गेलो. मक्याच्या लाह्या घेतल्या. दाजी, एवढा राग मला बोटीवर आम्हाला राबवणाऱ्या सारंगाचाही आला नाही कधी.

पहिली गोष्ट, मिठागरच नाही. गुरांचा मळा. हजारभर गुरं आणि पोरगा घोड्यावर. बापाच्या पाठीत गोळी घालतात, म्हणजे कोणाला शंकाच नको. मुकादमाला मोठ्या मिशा दिल्या आहेत आणि तो आल्याआल्या कुत्र्याला लाथ मारतो. जपानी मुकादम तसा नव्हता. तो नातवाला मांडीवर घेऊन हातानं भात भरवायचा, चांगला हसायचा, अगदी आपल्या काशीराम मुकादमासारखा. म्हणून तर अंगावर काटा यायचा.

मूळ सिनेमात पोराला एक बहीण होती. तिला यांनी काढूनच टाकलं. तिच्या जागी एक सोनेरी केसांची बाई घातली आणि तिला गाणं दिलं.

आता शेवट ऐका. लाकडी पुलावर दोघं समोरासमोर. मी लाह्या खायच्या थांबलो. आणि पोरगा काय करतो, तर पिस्तूल फेकून देतो. मुकादम मागं सरकतो, पायाखालची फळी तुटते, हात वर करून ओरडत तो नदीत पडतो. पाण्यावर नुसती टोपी तरंगते. मग बँड वाजतो आणि पोरगा त्या बाईचा मुका घेतो. बदला झाला आणि हाताला काही लागलंही नाही. ज्यानं हा शेवट केला तो पक्का भित्रा माणूस असणार.

आता मैनाबायला वाचू नका ते.

तुम्ही शिरढोणचे, डोंगराकडचे. उघाडी तुम्ही लांबूनच पाहिली असेल. बांधातून खाडीचं पाणी आत घ्यायचं ते दार. अमावास्येचं उधाण चढत होतं आणि बा दाराच्या आतल्या मोरीत उतरून गाळ काढत होता. काशीराम मुकादमाला तळी भरून घ्यायची घाई. त्यानं दाराची फळी वर ओढली. खाली माणूस आहे हे त्याला ठाऊक होतं. पंच म्हणाले, ठाऊक नव्हतं. मी कोयता घेऊन धावलो तेव्हा पंचांनी मला धरलं, त्याला कोणी धरलं नाही. मग मामानं मला बोटीवर चढवलं, राग निवेल म्हणून. पाणी कितीही असलं तरी राग निवत नाही.

माझा करार मे महिन्यात मुंबईला संपतो. काशीराम अजून उघाडीवर उभा राहतो का, तेवढं कळवा.

जगन

*

पनवेल
२ फेब्रुवारी १९५९

जगन यास दाजीचा आणि मैनेचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. शेवटचं सोडून वाचा म्हणालास. मी तिथं थांबलो तर मैना म्हणाली, ‘कागद तर अजून उरलाय.’ मी म्हटलं, ‘तब्येतीचं लिवलंय.’ ‘कोणाच्या तब्येतीचं?’ म्हणाली. तिच्यापुढं माझं खोटं पाऊलभरही चालत नाही, तुला माहीत आहे. सगळं वाचलं.

ती रडली वगैरे नाही. भाकरी थापत होती ती थापत राहिली. मग म्हणाली, ‘त्याला विचारा, जपानी पोराला बहीण होती ना. तिचं काय झालं?’ मी म्हटलं, सिनेमातल्या बहिणीचं काय व्हायचंय. ती म्हणाली, ‘विचारा तुमी.’ म्हणून विचारतो. तू कोबेहून लिहिलं होतंस त्यातही मुकादम मेला इथंच गोष्ट संपली होती.

मी इकडे बैलगाड्यांच्या कारखान्यात तसाच आहे. चाकावर लोखंडी धाव चढवायचं काम आता माझ्याकडे दिलंय. धाव लाल करून चढवायची आणि लगेच पाणी मारायचं. पाणी मारायला उशीर झाला तर लाकूड जळतं, सगळं चाक फुकट. तुझं पत्र वाचल्यापासून मला सारखं वाटतं, पाणी मारायला आपल्याला उशीर झालाय.

सिनेमा संपला की दिवे लागतात आणि लोक घरी जातात. इथं दिवे लागले की फौजदार येतो. तुला फाशी झाली तर बाचं जे झालं ते उलटं होणार आहे का? मैनेला आई नाही, बाप नाही. तू एक आहेस तो बोटीवर.

काशीरामचं विचारलंस. आहे तो. जास्त लिहीत नाही.

तुझा दाजी
तुळशीराम

*

योकोहामा
३ मार्च १९५९

दाजींना रामराम.

आहे तो, एवढंच? मी काय त्याच्या लग्नाचं बोलणं करायला विचारलं होतं?

मैनाबायच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तिनं विचारलंय. मुकादमाला मारल्यावर पोरगा पळत नाही. बांधावर बसून राहतो. शिपाई येतात, त्याला होडीत घालतात. बहीण बांधावरून होडीच्या बरोबरीनं चालते. होडी जोरात जाते, ती जोरात चालते. मग बांध संपतो. होडी पुढं जाते. नंतर ती मिठागरात एकटी मीठ ओढताना दिसते. शेजारच्या चौकोनात माणसं आहेत पण तिच्याकडे कोणी बघत नाही, खुन्याची बहीण म्हणून. बराच वेळ तेवढंच दाखवत राहतात. लोक उठायला लागले, मीही उठलो. मला वाटलं, सिनेमा संपला.

झालं समाधान? सिनेमातली बहीण आहे ती. मैनाबायला तुम्ही आहात.

तुमच्या चाकाचं मला कळलं. मी मूर्ख नाही. पण दाजी, तुम्ही बाला मोरीतून काढताना नव्हता. मी होतो. त्याच्या मुठीत गाळ तसाच होता, उघडेना.

आता सरळ लिहा. काशीराम कुठे असतो, भरतीला एकटा असतो का. नाही लिहिलंत तर दुसऱ्या कोणाला विचारीन, मग गावभर होईल. पुढचं पत्र सिंगापूरला एजंटाच्या पत्त्यावर टाका.

जगन

*

पनवेल
१९ एप्रिल १९५९

जगन यास दाजीचा आशीर्वाद.

एक बातमी आहे. बसून वाच.

काशीराम मुकादम वारला. परवा चैत्रातल्या अष्टमीला उधाणाची मोठी भरती होती. पाणी बांधाला लागलं होतं. तो उघाडीवर फळी बघायला गेला. वर उभं राहायची फळी जुनी झाली होती, ती पायाखाली तुटली. लोकांनी लांबून पाहिलं, त्यानं दोन्ही हात वर केले, मोठ्यानं ओरडला आणि आत गेला. माणसं धावली तोवर नुसती टोपी पाण्यावर तरंगत होती. उधाणाचं पाणी, कोणाचं काय चालणार.

तर असं झालं. देवानंच केलं. आता तुझ्या मनातलं ते काढून टाक. मे महिन्यात ये, चार दिवस राहा, मैनेच्या हातचं खा. तुझ्यासाठी कारखान्यातही बोलून ठेवलंय. नाहीतर तुझी बोट आहेच.

मैना बरी आहे. तिनं या पत्राबद्दल काही निरोप दिलेला नाही.

तुझा दाजी
तुळशीराम

*

सिंगापूर
२९ एप्रिल १९५९

दाजी,

तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा मी खाली इंजिनाच्या पोटात जाऊन बसलो. मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी नाचेन. तसं काही झालं नाही. जेवायला बसावं आणि कोणी समोरचं ताट ओढून न्यावं, तसं झालं. आणि खरं सांगतो, त्यातच घटकाभर बरंही वाटलं. घरी जायचं आणि नुसतं घरी जायचं. मुंबईहून येताना काय आणायचं हेसुद्धा मनात ठरवलं.

मग पत्र पुन्हा वाचलं.

अष्टमीला उधाण?

दाजी, ओव्यातलं नागडं पोरही सांगेल. उधाण अमावास्येला आणि पुनवेला. अष्टमीला भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, खाडी नुसती सुस्त पडून राहते. त्या दिवशी उघाडीच्या तोंडाशी गुडघाभर पाणी. काशीराम त्यात बुडाला असेल तर त्यानं स्वतःचं नाक धरून डोकं खाली दाबलं असणार. तुम्ही डोंगराकडचे. तुम्हाला वाटतं, भरती आली म्हणजे उधाण आलं.

आणि ती टोपी. ती टोपी मीच तुम्हाला सान फ्रान्सिस्कोहून पाठवली होती. फळीही माझीच, वर केलेले हातही माझेच. जो शेवट पाहून मी थुंकलो तोच तुम्ही धुऊन मला परत वाढलात. अमेरिकेनं निदान घोडे तरी चांगले आणले होते.

मी काय लहान पोर आहे? मैनाबायनं निरोप दिला नाही लिहिलंत. देणार कशी? तिला हे पत्र वाचून दाखवलंच नसणार. ती खाडीची लेक. तिनं तुमचा कागद चुलीत घातला असता.

म्हणजे तो आहे. चालतो, फिरतो, उघाडीवर उभा राहतो. तुम्हाला त्याला वाचवायचंय. मी आता तुमच्या घरी येणार नाही. धक्क्यावर उतरलो की सरळ ओवं. वैशाखाच्या पुनवेला नाही जमलं तर पुढची अमावास्या. त्या दिवशी खरंखुरं उधाण असेल, ते बघायला या.

जगन

*

पनवेल
७ मे १९५९

जगन,

हे पत्र कोलंबोला एजंटाच्या पत्त्यावर पाठवतोय. तुला मिळू दे.

अष्टमीचं खोटं माझं एकट्याचं. मैनेला विचारलं असतं तर तिथी तरी बरोबर पडली असती, पण तिनं लिहूच दिलं नसतं. काशीरामला वाचवायचं मला काही नाही. तो उद्या पडला तर मी फूलही टाकणार नाही. मला तुझी फाशी टाळायची होती आणि मला दुसरं काही सुचलं नाही. तू लिहिलेला सिनेमाच सुचला.

तुझं सिंगापूरचं पत्र आलं ते मैनेच्या हातात पडलं. तिला वाचता येत नाही, पण माझा चेहरा वाचता येतो. मग मला ते वाचावं लागलं, आणि योकोहामाचंही. ते मी तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. बहिणीचं आलं तेव्हा तिनं मला थांबवलं. ‘बांध संपतो ते पुन्हा वाचा.’ मी पुन्हा वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून आलो तर चूल गार. शेजारच्या भीमाबाईकडे किल्ली. मैना ओव्याला गेली, तुमचं बंद घर उघडून राहिली. मी मागोमाग गेलो. ती घरात नव्हती. बांधावर होती.

उघाडीपाशी काशीराम उभा होता आणि त्याच्यापासून चार हातांवर ती, त्याच्याकडे पाठ करून. आता रोज असंच आहे. भरती लागली की तो येतो, आणि तो यायच्या आधी ती आलेली असते. भरती उतरली की ती घरी जाते. गावातल्या बाया म्हणतात, तुळशीरामची बायको खुळावली. मिठागरावरची माणसं तिच्याकडे बघत नाहीत. तुझ्या सिनेमासारखं, फक्त अजून कोणाचा खून झालेला नाही.

काल मी तिथं होतो तेव्हा काशीरामच तिच्याशी बोलला.

‘मैने, घरी जा गो. ऊन लागंल.’

‘तुझ्यासाठी नाय उभी मी.’

‘मंग कोणासाठी?’

‘माझ्या भावासाठी. तो आला का पयली मी दिसंन त्याला. तुझ्याकडं येयाचं तर मला बाजूला सारून येयाला लागंल.’

तो म्हणाला, ‘रामूदादा, तुझा बा, खाली हाय ते मला ठावं नव्हतं.’

ती तेव्हा पहिल्यांदा वळली. ‘तुला ठावं होतं,’ म्हणाली, आणि परत पाठ केली.

तो फळीची दोरी हातात धरून उभा राहिला.

जगन, मी तिला हाताला धरून आणायला पाहिलं. ती म्हणाली, ‘तुमी जा. चाकं करा.’ आता मी तुला खोटं लिहीत नाही आणि काय करावं तेही सांगत नाही. तू सरळ ओव्याला येणार म्हणालास. ये. ती तिथं आहे.

तुळशीराम

*

मुंबई, गोदी
२३ मे १९५९

दाजींना रामराम.

कोलंबोला तुमचं पत्र मिळालं. बोट काल इथं लागली. काल पुनव होती. डेकवरून पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढताना दिसत होतं, आणि मला ठाऊक होतं की ह्याच वेळेला ओव्याला ती उभी आहे.

मी अजून उतरलेलो नाही. सारंग म्हणतो, पुढच्या खेपेला नाव घालायचं तर परवापर्यंत सांग. म्हणून हा माणूस हे पत्र घेऊन पाठवतोय. आमच्या बोटीवरचा जगताप आहे, पेणचा, भला आहे. त्याला भाकरी खायला घाला.

कोलंबोपासून इथवर मी एकच गोष्ट करत होतो. डोळे मिटून त्या बांधावर जात होतो. दर वेळी तिच्यापर्यंत पोचतो. तिच्या खांद्याला हात लावून बाजूला करायचा विचार करतो. हात लावला की ती बाजूला होईल, तिच्यात ताकद किती. पण तिच्या पुढचं मला दिसतच नाही. काशीरामचं तोंडसुद्धा दिसत नाही. जपानी पोराच्या बहिणीनं मागाहून होडीबरोबर चालण्याऐवजी आधीच पुढं येऊन उभं राहायला हवं होतं. मग त्यांना तो सिनेमा करताच आला नसता.

अमेरिकेत ज्यानं शेवट बदलला त्याला मी भित्रा म्हणालो. आता वाटतं, त्याला तो पोरगा आवडला असेल, त्याला फासावर बघवलं नसेल. तुमच्यासारखंच. तरी सिनेमा भिकारच होता, तुमच्या पत्रासारखाच. पोराला वाचवायला मुकादमाला नदीत टाकून भागत नाही.

मी ओव्याला येत नाही. हे मैनाबायला माझ्या नावानं सांगा. म्हणावं, मला बाची शपथ घालायची तर घाल. तिला पनवेलला घरी आणा. ती घरी आली असं तुमचं पत्र मिळालं की मी उतरतो आणि तुमच्याकडे येतो. ती बांधावर उभी राहिली तर मी परवा नाव घालतो आणि परत जातो. तिला तिथं बघायला मी येणार नाही.

आणि एक. काशीरामला मी माफ केलेलं नाही. तसं त्याला कोणी सांगू नका. मी येणार नाही असंही सांगू नका. मैना का उभी होती ते त्याला ठाऊक आहे. ती गेली की त्याला काय वाटायचं ते वाटू द्या.

जगन

*

पनवेल
२४ मे १९५९

जगन,

जगतापबरोबरच हे परत पाठवतोय. भाकरी त्यानं खाल्ली, वर बोंबील मागून घेतले.

पत्र मिळाल्यावर त्यालाच घेऊन मी ओव्याला गेलो. भरती लागलेली. दोघं आपापल्या जागी. मी मैनेच्या अगदी कानाशी तोंड नेऊन तुझं पत्र वाचलं. काशीराम मान लांब करून ऐकायला बघत होता, त्याला काही लागू दिलं नाही.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, ‘आधी त्याला उतरू दे. मंग मी घरी येन.’

मी म्हटलं, ‘तो म्हणतोय आधी तू. तू म्हणतेस आधी तो. बोट सुटंल आणि तुमी दोघं भावंडं दोन पाण्यांवर उभी राहाल. मी मधल्यामधे किती फेऱ्या मारू?’

ती हसली नाही. पण तुझं ते शपथेचं वाक्य मला परत वाचायला लावलं. मग डोईचा पदर नीट केला आणि बांधावरून चालायला लागली. भरती अजून उतरली नव्हती.

काशीरामनं मला हाक मारली.

‘तुळशीराम, ही आज लवकर का चाल्ली?’

‘दमली असंल.’

‘जगन कवा येनार हाय?’

‘नाय ठावं,’ मी म्हटलं.

‘म्हंजे यायचा हाय?’

‘नाय ठावं, काका.’

जगन, खोटं बोलायला मी थोडा शिकलोय. या खेपेला त्याला पटलं. त्यानं हातातली दोरी खुंटीला बांधली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. मी पुढं चालत आलो आणि वळून पाहिलं. खाडीत एक होडी शिरत होती, कोणाची कोण जाणे, मासळीची असेल. तो तिच्याकडे डोळे लावून उभा होता. होडी जवळ आली, लांब गेली, तरी तसाच.

‘मागं नका बघू,’ मैना म्हणाली.

ती घरी आहे. चूल पेटली आहे. उतर.

दाजी